कवळी वाटीत, बातमी पोटात

सासूचे दात सुनेच्या हातात असणं ही गोष्ट पुष्कळ घरांत बोलण्यापुरती खरी असते. या घरात ती अक्षरशः खरी होती. सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि सासूबाईंची वरची-खालची अख्खी कवळी तिनेच बनवली होती. "हिने आधी माझे दात घशात घातले आणि मग नवे बसवून दिले," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायच्या. यातला पहिला भाग धडधडीत खोटा होता, पण दुसऱ्या भागाची जाहिरात इतकी झकास व्हायची की सुनेने पहिल्याला कधी हरकत घेतली नाही.

लॅबमध्ये तिला सगळे कवळीताई म्हणत. पुढे पुढे घरीही म्हणू लागले. तिच्या मुलाचं नाव पाळण्यातल्या पाळण्यात बोळक्या पडलं, कारण तो हसला की नुसतं बोळकं दिसायचं, आणि तो येताजाता कुणालाही बघून हसायचा. खरं नाव कागदोपत्री होतं. ते वापरण्याइतका तो अजून कुणाशी भांडला नव्हता.

बाळंतपणाची रजा संपून कवळीताई कामावर परत जायला निघाली, त्या दिवशी तिने दारात उभं राहून सासूबाईंना एक गोष्ट मागितली.

"आई, बाकी काहीही होऊ दे. तो पालथा पडू दे, रांगू दे, तुम्हाला आधी हाक मारू दे. पण पहिला दात मला बघायचाय."

"बघ की बाई. दात काय पळून जाणार आहे?"

"तसं नाही. आधी मला बघायचाय. तुम्हाला आधी दिसला तर मला सांगायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही. माझा मला सापडू दे."

"मी कशाला सांगतेय?" सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. लग्न ठरत असताना, मुलगा घोरतो हे वधूपक्षाला त्यांनीच चहाच्या आधी सांगून टाकलं होतं. मुलाच्या वाढदिवसाला गुपचूप आणलेल्या घड्याळाचं त्यांनी त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "उद्या तुला घड्याळ मिळणार आहे, पण तू चकित हो हं," असं.

कवळीताईच्या या हट्टामागे कारण होतं. तिने आजवर इतके दात बसवले होते की एखाद्या गावाची पंगत उठावी. पण ते सगळे दात तयार यायचे. पेटीत, मेणाच्या पट्टीवर ओळीने उभे राहून, शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं जशी. रंग निवडायचा, उंची बघायची, बसवायचे. आपणहून येणारा दात तिने जन्मात पाहिला नव्हता. कुणी न बसवता, न घासता, न चकाकवता नुसता वर येणारा दात. तो आता तिच्याच घरी यायचा होता, आणि नेमकी ती घरी नसणार होती.

म्हणून रोज संध्याकाळी आली की चपला काढायच्या, हात स्वच्छ धुवायचे आणि बोळक्याच्या खालच्या हिरडीवरून अलगद बोट फिरवायचं, हा तिचा नेम झाला. बोट फिरायचं, बोळक्या लाळेची धार सोडायचा आणि ती म्हणायची, "अजून नाही." सासूबाई म्हणायच्या, "येईल गं. तुझ्या कारखान्यातून थोडाच यायचाय, सांगितलेल्या तारखेला?"

त्या दिवसाची सुरुवात इतर दिवसांसारखीच झाली. पहाटे बोळक्या कुरकुरला. तिने डोळे न उघडता त्याला जवळ घेतलं. कामावर जाणाऱ्या आयांना ही एक विद्या येतेच. झोपेतल्या झोपेत पाजायचं, कूस बदलायची आणि वर आपण जागे होतो असं सकाळी शपथेवर सांगायचं. मध्येच तिला जोरात चिमटा बसल्यासारखं झालं.

"आई गं! हिरडी आहे की पक्कड?" ती झोपेतच पुटपुटली, त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पुन्हा पेंगली.

मग उजाडलं. बाटल्या उकळायच्या, दूध काढून ठेवायचं, बाटलीवर चिकटपट्टी लावायची, नवऱ्याचा शर्ट समजून बोळक्याचं दुपटं इस्त्रीला घ्यायचं, ते लक्षात आल्यावर तेही इस्त्री करून टाकायचं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. बंद पडलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय होती, आणि सकाळच्या वेळी ती घरात उपयोगी पडायची.

निघताना सासूबाईंकडे पहारा सोपवायचा. तोही ठरलेला.

"दोनदा उठला होता. कान ओढतोय. लाळ जास्त आहे."

"बरं."

"भोपळा शिजवून ठेवलाय. रबरी चमच्याने द्या."

"बरं."

"आणि आई..."

"दात दिसला तर सांगणार नाही. जा आता, बस निघून जाईल. रोज रोज काय तेच? दाताच्या कण्या करशील सांगून सांगून."

लॅब दोन दुकानांच्या वरच्या मजल्यावर होती. जिना चढताच प्लास्टरचा ओला वास यायचा, मग वितळलेल्या मेणाचा, मग पॉलिशच्या मोटरची घरघर. कवळीताईचं टेबल खिडकीशी. शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारी मेणाबाई, तिची जुनी मैत्रीण. दुपारी दूध काढायची वेळ झाली की लॅबमध्ये एकच जागा रिकामी मिळायची, ती म्हणजे साच्यांची खोली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. कवळीताई स्टुलावर बसून दूध काढायची आणि शेकडो जबडे दात विचकून तिच्याकडे बघत राहायचे. पहिले काही दिवस तिला संकोच वाटला. मग तिने पाहिलं की यातल्या एकालाही डोळे नाहीत, आणि ती निवांत झाली.

दाराबाहेर मेणाबाई राखण करायची. दार लागत नव्हतं, म्हणून पाठ टेकून उभी राहायची आणि फटीतून गप्पा मारायची.

"आज काही?"

"अजून नाही."

"माझ्या पोरीचा पहिला दात मी फोनवर ऐकला."

"फोनवर कसा गं ऐकणार?"

"सासूबाईंनी चमचा वाजवून दाखवला. टिक टिक. इकडे मी मेण वितळवत होते. डोळ्यांतून पाणी पडलं ते थेट गरम मेणात. जे तडतडलं म्हणतेस! मालक धावत आले, म्हणाले, काय फुटलं? मी म्हटलं, दात."

दोघी हसल्या. हसून झाल्यावर कवळीताईने आवाज खाली आणला.

"सकाळी माझी एक कवळी परत आली, कळलं ना तुला?"

"त्या चष्मेवाल्या आजोबांची? त्यांचं काय, त्यांना बायकोही बसत नाही नीट."

"चेष्टा नको गं. गेल्या महिन्यातली एक आणि आता ही. याआधी माझी एक तरी परत आली होती का? मालक काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, ताई, झोप घेत जा थोडी."

"मग खरंच घेत जा."

"कुठून घेऊ? विकत मिळते का?" ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "इथे असले की जीव तिकडे, तिकडे असले की अर्धी झोपेत. धड इथेही नाही, धड तिथेही नाही. निम्मी कवळी बसवल्यासारखं झालंय माझं."

"निम्मी कवळीसुद्धा लोक वापरतात," मेणाबाई म्हणाली. "आवर, मालक जिना चढतायत."

संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा इमारतीच्या पायऱ्यांवर खालच्या मजल्यावरचे टपालकाका बसले होते. निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांच्या बातम्या पिशवीतून वाहिल्या, पण एक पाकीट कधी फोडलं नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि थोडं दुःखही. एरवी ते "आलात?" म्हणून पेपरात डोकं घालायचे. आज ते चटकन उठून उभे राहिले.

"या, या, या. वर जा. लवकर जा."

"का हो काका? काही झालं का?"

"छे, छे! काही नाही. टपाल आहे तुमचं. म्हणजे, नाही. म्हणजे, मी काही बघितलेलं नाही. पत्ता तुमचा आहे, तुम्हीच फोडा."

कवळीताईला वाटलं, काकांचंही वय झालं.

घराचं दार उघडलं आणि पहिली गोष्ट तिला जाणवली ती शांतता. एरवी ती चपलेचा पट्टा सोडवेपर्यंत सासूबाईंचं बातमीपत्र निम्मं झालेलं असायचं; बोळक्याने काय खाल्लं, काय सांडलं, कोण आलं, कोण आलं नाही, आणि जे आले नाहीत ते का आले नसतील. आज आवाज नाही. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर बोळक्या. दोघं तिच्याकडे बघून एकदमच हसले. बोळक्याने तोंडात मूठ कोंबली होती. सासूबाईंचे ओठ मिटलेले होते आणि गाल आत गेले होते.

"आई, कवळी काढलीत?"

"ह्म्."

कवळी फडताळावर, वाटीत, पाण्यात होती. भर संध्याकाळी! सासूबाई कवळी काढायच्या त्या फक्त झोपताना, तेही दिवा बंद केल्यावर. कवळीशिवाय बोललं की शब्दाशब्दाला फसफस व्हायची, म्हणून दात तोंडात नसले की त्या ब्र काढत नसत. एकदा रात्री शेजारी धूर दिसला तेव्हासुद्धा त्यांनी आधी कवळी बसवली आणि मग "आग!" म्हणून ओरडल्या. धूर निघाला जळालेल्या पोळपाटाचा, पण शिस्त ती शिस्त.

"दुखतेय का?"

सासूबाईंची मान आधी आडवी हलली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडे नजर गेली, आणि मान उभी हलली.

"दुखतेय? कुठे? वर की खाली? कधीपासून?"

सासूबाईंनी छताकडे बघितलं.

"अगं, दुखत असेल थोडी," नवरा पुढे येत म्हणाला. आज तो लवकर आला होता आणि बंद लिफ्टशी बोलण्याच्या आवाजात बोलत होता. "नाहीतर दुखत नसेलही. तू असं कर, हात धू आणि आधी बोळक्याला घे."

"हात धुते आणि आधी आईंचं बघते."

"आधी बोळक्याचं बघ की."

"त्याचं काय बघायचंय? त्याला कुठे कवळी आहे?"

"तसं नाही. त्याच्या तोंडात..."

"तोंडात काय?"

नवऱ्याने आईकडे बघितलं. आईने डोळे वटारले.

"भूक," तो म्हणाला. "तोंडात भूक आहे त्याच्या."

शहाण्या माणसाला एव्हाना सगळा उलगडा झाला असता. पण कवळीताई त्या वेळी शहाणी नव्हती, कारागीर होती. सकाळी एक कवळी परत आली होती, आणि आता घरची, तिच्या हातची सगळ्यांत जुनी, तिची चालती-बोलती जाहिरात, पाण्यात पडली होती. तिला दुसरं काही दिसेना. तिने हात धुतले ते सवयीने, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते धुतलेले हात बोळक्याकडे न नेता फडताळावरच्या वाटीकडे नेले.

बोळक्याने तोंड उघडून वाट बघितली. मग पुन्हा मूठ आत घातली.

तिने कवळी खिडकीशी नेली. उलटी केली, सुलटी केली, कडेवरून बोट फिरवलं. कुठे टोचेल असं काही नाही. तडा नाही. मग तिने पर्समधून निळ्या कागदाची पट्टी काढली. हा कागद दातांत धरून चावलं की जिथे जोर जास्त पडतो तिथे निळा डाग उमटतो. आंधळ्यालाही दिसावी इतकी चूक स्पष्ट दिसते.

"आई, घाला कवळी."

सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

"अहो घाला ना. त्याशिवाय कळणार कसं?"

त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलाने हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही. शेवटी सासूबाईंनी, फाशीच्या दोरापुढे मान करावी तशी मान करून, कवळी बसवली. आणि बसताक्षणी त्यांच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. डोळे चमकले. गाल भरले. दुपारपासून अडलेलं काहीतरी घशातून वर आलं, जिभेवर आलं, ओठांशी आलं...

"आज ना, दुपा..."

"चावा!" नवरा ओरडला.

कवळीताईने पटकन कागद दातांत दिला. खट्. सासूबाईंनी तोंड मिटलं.

"छान. आता उघडा."

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

"उघडा आई."

"म्ह्म्."

"उघडत नाहीये?" कवळीताईने त्यांची हनुवटी धरली. "अडकली? अरे, कवळी अडकली यांची! असं कधी होत नाही. असं होऊच शकत नाही!"

"ह्म् ह्म्म् ह्म्," सासूबाई म्हणाल्या. याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. ओठांच्या कोपऱ्यातून निळ्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं.

"दातखीळ बसलीय," नवरा म्हणाला. त्याला वाटलं आपण मदत करतोय.

कवळीताई मटकन स्टुलावर बसली. इतके दिवस आपण म्हणत होतो, घरी थोडं कमी पडलं तरी हातातलं काम तरी चोख आहे. आता तेही गेलं. दूध कमी, झोप कमी, आणि कवळी उघडत नाही.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती हळूच म्हणाली. "सगळीकडेच."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तोंड उघडायला घेतलं, पुन्हा घट्ट मिटलं, आणि मांडीवरच्या नातवाला उचलून सरळ सुनेच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं कसलं, आदळलं. बोळक्याने एवढ्या वेळात पहिल्यांदा भोकाड पसरलं.

"त्याला भरव तू," नवरा म्हणाला. "मी आईचं बघतो. अडकलेली दारं उघडायचंच काम आहे माझं." आणि त्याने भोपळ्याची वाटी तिच्या हातात दिली. त्यात स्टीलचा चमचा होता.

"रबरी चमचा कुठाय?"

"हरवला."

रबरी चमचा त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकं काढून बघत होता. पण तिचं लक्ष नव्हतं. तिने चमचा भरला, बोळक्याच्या तोंडाशी नेला, नजर मात्र सासूबाईंच्या जबड्यावर. बोळक्याने भोपळ्यावर झडप घातली.

टिक.

तिचा हात थांबला.

कवळीताईला दात कानाने कळायचे. प्लास्टिकच्या दाताला चमचा लागला तर बद्द वाजतो, चिनी मातीच्या दाताला लागला तर कपबशीसारखा वाजतो. हा आवाज दोन्हींतला नव्हता. लहान होता, कोरडा होता आणि अगदी नवा होता. हा आवाज तिच्या टेबलावर कधी वाजलाच नव्हता.

तिने चमचा पुन्हा हलकेच टेकवला. टिक.

"अरे," ती म्हणाली.

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"अरे, दात!"

ती इतक्या जोराने ओरडली की बोळक्या भोपळा विसरून हसायला लागला. दात काढणं म्हणजे हसणं, हे भाषेने आधीच ठरवून ठेवलंय. त्याने दोन्ही अर्थ एकदमच पुरे केले. खालच्या हिरडीवर, बरोबर मध्यापासून जरा बाजूला, तांदळाच्या कणीएवढं पांढरं.

"दात! आई, बघा! अहो, दात आलाय याला!"

"अगं बाई!!" सासूबाईंचं तोंड धरण फुटावं तसं उघडलं आणि निळा कागद उडून जमिनीवर पडला. "खरंच की गं! दात! माझ्या सोन्याला दात! अगदी आजोबांवर गेलाय, त्यांचाही असाच जरा तिरका होता, मी म्हणतच होते भोपळा इतका चावून चावून खातोय म्हणजे काहीतरी आहे, आणि कान ओढत होता ना, ते दाताचंच, आणि काय सुरेख आलाय, दुपारी तर नुसतं टोक..."

त्या थांबल्या.

खोलीत पुन्हा शांतता झाली. या वेळी ती कवळी काढून आलेली नव्हती.

"कुठल्या दुपारी?" कवळीताईने विचारलं.

सासूबाईंचा हात तोंडाकडे गेला. पण बाण सुटला होता, आणि दात तोंडात होते.

"पाणी पाजत होते गं," त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या. "पेला वाजला. मी काय करू? मुद्दाम नाही बघितला. डोळे मिटले होते मी लगेच. आधी आनंदाने जिन्यात जाऊन काकांना सांगून बसले, मग आठवलं. मग लगेच हा आला, याला सांगितलं. मग म्हटलं, आता हिला सांगितल्याशिवाय काही आपण राहत नाही. तोंडात दात आहेत तोवर तरी नाही. म्हणून काढून ठेवले."

कवळीताईने वाटीकडे बघितलं. मग नवऱ्याच्या खिशातल्या रबरी चमच्याकडे. मग सासूबाईंकडे, ज्या दुपारपासून, स्वतःहून, एक शब्द न बोलता बसल्या होत्या. ज्यांनी आगीलाही आधी दात लावले होते.

आत काहीतरी टोचलं, नाही असं नाही. दुपारी. म्हणजे ती साच्यांच्या खोलीत शेकडो दातांसमोर बसली होती तेव्हा. मेणाबाईला फोनवर तरी ऐकायला मिळाला होता.

"तुझी बॅटरी दे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने लिफ्टच्या कामाची बारकी बॅटरी दिली. तिने बोळक्याचा खालचा ओठ अंगठ्याने अलगद खाली धरला आणि उजेड पाडला. बघत राहिली. दाताची धार सरळ नव्हती, तिला तीन बारीक कंगोरे होते, करवतीच्या पात्यासारखे. पेटीतून येणाऱ्या दातांना असे कंगोरे नसत. ते आधीच कुणीतरी घासून गुळगुळीत केलेले असत. तिन्ही कंगोरे हिरडीच्या पुरते बाहेर आले होते.

"हा दुपारचा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"इतका वर दुपारपासून येणार नाही. रात्रीच फुटलाय." आणि मग तिचा हात आपोआप छातीशी गेला. तिथे अजून हुळहुळत होतं. "अगं आई गं. पहाटे चावला की मला हा! मी म्हटलं, हिरडी आहे की पक्कड. आणि कूस बदलून झोपले."

"म्हणजे तुलाच आधी?" सासूबाई म्हणाल्या.

"मलाच आधी."

"बघितलास तू आधी?"

"बघितला नाही. पण मला सांगितलं त्याने. चांगलं करकचून सांगितलं. आख्ख्या लॅबमध्ये दातांतलं मलाच जास्त कळतं म्हणे!" आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. बोळक्याने तिचं बोट तोंडात ओढून घेतलं आणि तपासून बघितलं.

सासूबाईंना आधी हायसं वाटलं. मग हिशेब लक्षात आला.

"मग मी काय उगाच बसले होते दुपारपासून बोळकं होऊन? तहानलेली, मूग गिळून? टपालकाकांपुढे तोंड लपवून? सोसायटीतली ती शिंपीणबाई आली होती, तिच्या सुनेचं काय झालं ते सांगायला! मला एक प्रश्न विचारता आला नाही!"

"आई, फार केलंत तुम्ही."

"फार म्हणजे काय, पुढच्या जन्माचंसुद्धा गप्प बसून झालंय माझं. ते काही नाही. पहिलं पाऊल मी बघणार. सांगून ठेवते. तू घरी असताना उभा राहिला तर खाली बसव त्याला."

"सुट्टीच्या दिवशी माझं."

"सुट्टीच्या दिवशी बघू."

दारावर टकटक झाली. टपालकाका होते. आत न येता उंबऱ्यातूनच त्यांनी मान लांब केली.

"पोचलं का?"

"पोचलं, काका," कवळीताई म्हणाली.

"हुश्श," काका म्हणाले. "जन्मात एवढं जड पाकीट सांभाळलं नव्हतं." आणि ते आत येऊन बसले, कारण आता बसायला हरकत नव्हती.

चहा ठेवायला उठताना कवळीताईच्या पायाशी निळा कागद आला. तिने तो उचलला. मग काहीतरी आठवून सासूबाईंना म्हणाली, "आई, आ करा."

सासूबाईंनी बोलणं न थांबवता आ केला. डाव्या दाढांवर निळे ठिपके होते. उजव्या दाढांवर निळे ठिपके होते. दोन्हीकडे सारखे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. इतकी वर्षं बोलून बोलून वापरलेली कवळी, पण चावा काट्यावर तोलल्यासारखा.

"काय आहे? बिघडलीय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. झकास बसलीय."

"बसणारच. कुणी बनवलीय!" असं म्हणून त्या काकांकडे वळल्या. "तर मी काय सांगत होते, पेला असा धरला होता मी, आणि एकदम..."

दुसऱ्या दिवशी पहाटे बोळक्या कुरकुरला. कवळीताईने डोळे न उघडता त्याला जवळ घेतलं. थोड्या वेळाने तो चावला. कालच्यापेक्षा जरा जोरात.

"पोचलं रे बाबा, पोचलं," ती पुटपुटली. पण या वेळी कूस बदलण्याआधी तिने डोळे उघडले.